स्लॅबलाही शाकारणी लागते
जुन्या नाशिकची घरे, दुरुस्तीचे नियोजन आणि खर्चाचा हिशेब

मृग नक्षत्र चार-आठ दिवसांवर आले की जुन्या नाशिकच्या गल्ल्यांतून एके काळी एक ओळखीचा आवाज ऐकू येत असे. छपरांवर माणसे चढलेली असत. कौले उतरवली जात, झाडून-पुसून पुन्हा बसवली जात, फुटलेल्यांच्या जागी नवी घातली जात, पन्हळीतला वर्षभराचा पाला-कचरा काढला जाई. याला शाकारणी म्हणत. दूधबाजार असो, चौक मंडई असो, बागवानपुरा असो की गोदाकाठची काझीगढी, शाकारणी चुकवणारे घर सहसा नसे. तिच्यासाठी महापालिकेची नोटीस लागत नसे की इंजिनिअरचा दाखला लागत नसे. वर्षाचे धान्य भरणे, मसाला कुटणे, लोणचे घालणे यांच्या रांगेतलेच ते एक काम होते आणि त्याचा खर्च घरच्या हिशेबात आधीच धरलेला असे.

मग स्लॅब आला. “एकदाचा स्लॅब टाकला, आता जन्माची कटकट गेली,” हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंना हे एक वाक्य जितके महागात पडले आहे, तितकी एखादी बुडालेली उधारीही पडली नसेल. कारण कटकट गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली. कौल फुटले की त्याच रात्री पाणी अंथरुणावर पडते. स्लॅबला तडा गेला तर पाणी आत मुरते आणि दहा वर्षांनी आपले म्हणणे सांगते.

आपल्यापैकी ज्यांचे लेथ मशीन आहे ते त्याला वेळच्या वेळी तेल देतात. टेम्पोवाला किलोमीटर मोजून ऑइल बदलतो. शिलाईवाले रोज दुकान बंद करताना मशीन पुसून झाकून ठेवतात. चोख व्यापारी तर यंत्रावर दरवर्षी घसाराही लिहितो. पण ज्या इमारतीच्या तळमजल्यावर हे दुकान आहे आणि वरच्या दोन मजल्यांवर आपली बायका-मुले झोपतात, तिच्या नावाचे एक पानही कुणाच्या वहीत नसते.

दुसऱ्यांना उपदेश करतो असे वाटू नये म्हणून आमच्याच राहत्या इमारतीची गोष्ट सांगतो. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथे बोटभर फट पडली होती. ओळखीच्या मिस्त्रींनी साडेतीन हजारांत काम होईल असे सांगितले. आम्ही म्हणालो, ईद होऊन जाऊ द्या. ईद झाली, मग लग्नसराई आली, मग मुलांची फी आली. तीन पावसाळे गेले. चौथ्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या भाभींच्या स्वयंपाकघरात छताचा ताटाएवढा पोपडा ओट्यावर पडला. भाभी नुकत्याच चहा घेऊन बाहेर गेल्या होत्या म्हणून निभावले. मग गच्चीचा जुना कोबा काढणे, सळ्या घासून त्यांना लेप देणे, नवे वॉटरप्रूफिंग, खालचा गिलावा आणि रंग असे करत एक लाख चाळीस हजार रुपये गेले. मिस्त्री तेच होते. शेवटचे पैसे घेताना त्यांनी एवढेच विचारले, “भाई, त्या साडेतीन हजारांचे काय झाले?”

साडेतीन हजारांचे चाळीस पट झाले होते.

आतून काय घडते

चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही, कारण सिमेंटचा अल्कधर्मी गुण तिचे रक्षण करतो. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पावसाचे पाणी वर्षानुवर्षे आत शिरत राहिले की तो गुण हळूहळू संपतो आणि सळईवर गंज चढू लागतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. त्यामुळे तो काँक्रीटला आतून ढकलतो. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा दिसतो, मग तपकिरी डाग, मग पोपडा. म्हणजे पोपडा पडतो त्या दिवशी दुखणे सुरू झालेले नसते, ते कित्येक वर्षे आधी गच्चीच्या फटीत, संडासाच्या गळक्या पाइपात किंवा ओव्हरफ्लो होणाऱ्या टाकीखाली सुरू झालेले असते. यावर आपल्याकडे सर्रास होणारा उपाय म्हणजे पोपड्याच्या जागी सिमेंट थापून वरून रंग देणे. आत सळई गंजतच राहते आणि वरून घर लग्नघरासारखे दिसते.

डी सिटर नावाच्या डच अभियंत्याने १९८४ मध्ये याचा एक ठोकताळा मांडला. तो ‘पाचाचा नियम’ म्हणून ओळखला जातो. बांधताना जिथे एक रुपया नीट खर्च करायला हवा होता तो वाचवला, तर देखभालीत पाच जातात. देखभाल टाळली तर दुरुस्तीला पंचवीस आणि दुरुस्तीही टाळली तर मोठ्या पुनर्बांधणीला सव्वाशे. हा काही तराजूत तोललेला आकडा नव्हे. पण आमच्या चाळीस पटीकडे पाहता त्या गृहस्थाने नाशिक न पाहताही फारसे चुकीचे सांगितले नाही.

वाड्यांचा हिशेब वेगळा

जुन्या नाशिकमध्ये स्लॅबची घरे आहेत तसे सागवानी वाडेही आहेत आणि दोघांचे औषध एक नाही. वाड्याचे जोते काळ्या दगडाचे, भिंती विटा-मातीच्या किंवा चुन्याच्या, भार तोलायला लाकडी खांब आणि तुळया, मजल्यांना कडीपाट. ही बांधणी शंभर-सव्वाशे वर्षे टिकते, पण तिचे तीन शत्रू आहेत: ओल, वाळवी आणि शेजाऱ्याचा जेसीबी.

ओल बहुतेक वेळा आपणच आणतो. कुटुंब वाढले की माडीवर मोरी आणि संडास निघतो. लाकडी मजल्यावर फरशी बसते, तिच्याखालून पाणी झिरपते आणि तुळईचे भिंतीत गाडलेले टोक कुजते. तुळई बाहेरून साबूत दिसते, कुजते ते टोक, जे कुणालाच दिसत नाही. त्यात कुणीतरी सल्ला देतो की भिंतीला ओल येते तर सिमेंटचा गिलावा करा. चुन्या-मातीची भिंत पाणी शोषते तसे सोडतेही. तिच्यावर सिमेंट चढवले की पाणी आत कोंडले जाते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता कमी राहिले आहेत हे खरे, पण ज्यांच्या हातात ती कला आहे त्यांना मागणी येण्याचे दिवस आहेत असे आम्हाला वाटते.

जेसीबीचे सांगायचे तर जुन्या गल्ल्यांतले वाडे एकमेकांना खांदा लावून उभे आहेत. भिंती सामाईक आहेत. शेजारचा वाडा पाडून तिथे इमारत उठवायची ठरली की आपल्या वाड्याचा आधार एका दिवसात निघून जातो. शेजारी पाडकाम करणार असे कळताच इंजिनिअर नेऊन सामाईक भिंत पाहून घ्या, फोटो काढून ठेवा, टेकू कुणी द्यायचे ते लेखी ठरवा आणि महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज देऊन पोच घ्या. शेजारी कितीही जवळचा असो. किंबहुना जवळचा असेल तर अधिकच, कारण नंतर तोंड फिरवणे जड जाते.

नदीकाठच्या बंधूंना आणखी एक सांगणे. १९६९ चा महापूर आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर आपण पाहिले. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले यावरून आपण पूर मोजतो आणि पाणी ओसरले की दुकानातला चिखल काढून माल वाळवतो. पण खांबाखालचा दगड खचला का, जोत्याच्या दर्जा उघड्या पडल्या का, भिंतीतली वायरिंग ओली आहे का, हे बघायला कुणी थांबत नाही. पुरानंतर महिन्याभराने, माती सुकून आकसू लागली की भिंतीला तडे जातात. त्या वेळी पाहणी करावी.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये जुन्या तांबट गल्लीतला वाडा कोसळून दोन तरुण जीव गेले, हे नाशिककर विसरलेले नाहीत. मात्र वाडा जुना म्हणून पडतो आणि आपली इमारत नवी म्हणून उभी राहील हा समज काढून टाकावा. महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि १६ जण दगावले, तेव्हा ती जेमतेम सात वर्षांची होती. त्यानंतर महिनाभरात भिवंडीची जिलानी बिल्डिंग पहाटेच्या झोपेत खाली आली. ती १९८४ च्या सुमाराची होती, तिशी ओलांडलेली. मृतांची संख्या तीसवर गेली. त्यात आपलेच यंत्रमाग कामगार होते, त्यांची लेकरे होती.

कायदा काय सांगतो

मुंबई शहरात जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले आणि आज ते काम म्हाडाकडे आहे. भाडेकरू उपकर भरतात आणि मंडळ दुरुस्ती करते. ती किती करते हा भाग सोडा. तिथल्या भेंडी बाजारालगतची हुसैनी बिल्डिंग ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पडली आणि ३३ जण गेले, तेव्हा मंडळ होतेच. पण निदान दार ठोठवायला एक कचेरी आहे. नाशिकला तीही नाही. इथे घराची दुरुस्ती म्हणजे मालक, भाडेकरू आणि वारस यांचा आपसातला मामला. म्हणूनच नियोजन आपणच करायचे आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेऊन त्याचा दाखला देणे मालक-भोगवटादारांवर बंधनकारक आहे. ज्या इमारतीचा वापर १९९५ मध्ये किंवा त्याआधी सुरू झाला ती सगळी तिशी पार करून गेली आहेत. द्वारका ते वडाळा रोड या पट्ट्यात आपल्या बिरादरीने त्या काळात घेतलेले फ्लॅट आठवून पाहा. तपासणीनंतर इमारत चारपैकी एका वर्गात बसते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करायची आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. आपल्या लोकांना भीती वाटते की इंजिनिअर बोलावला की तो सी-१ लिहील आणि घर जाईल. उलट बाजूने पाहा. सी-३ मध्ये असताना बोलावलेला इंजिनिअर घर वाचवतो. दहा वर्षे टाळून बोलावलेल्या इंजिनिअरला सी-१ लिहिण्यावाचून पर्याय उरत नाही.

भाडेकरूंच्या मनातली भीती याहून खोल आहे. दुरुस्तीसाठी जागा सोडली की मालक परत घेणार नाही, म्हणून ते गळक्या छपराखाली ताडपत्री बांधून राहतात. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, शहा रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असा निर्णय दिला की महापालिकेने इमारत पाडली एवढ्यामुळे भाडेकरूचा हक्क संपत नाही. ही गोष्ट प्रत्येक भाडेकरूने आणि मालकानेही लक्षात ठेवावी. तरीसुद्धा जागा सोडण्याआधी क्षेत्रफळाची मोजणी, भाडेपावत्या आणि परत येण्याचा लेखी करार हवाच.

दुरुस्ती करणे हे मालकाचे कर्तव्य असल्याचे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १४ स्पष्ट सांगते. लेखी नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत त्याने हालचाल केली नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आता जुन्या वाड्यातले भाडे महिना शंभर रुपये धरा. वर्षाचे बाराशे, त्याचा चौथा हिस्सा तीनशे. त्यात सिमेंटची एक गोणी येणे कठीण. मालकही विचारतो की बाराशेच्या भाड्यात मी तुळई कशी बदलू? दोघेही खरे बोलतात आणि तुळई कुजत राहते. आमच्या मते इथे कायद्याच्या कलमापेक्षा एका बैठकीचा उपयोग जास्त होईल. कामाची यादी करावी, मालक किती घालणार, प्रत्येक भाडेकरू किती घालणार हे ठरवावे, भाडेकरूने घातलेल्या पैशाची मालकाने सही करून नोंद द्यावी. अशी बैठक मोहल्ल्यातल्या एखाद्या जाणत्याच्या दुकानात एका संध्याकाळी होऊ शकते.

एक टक्क्याची गोष्ट

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत याची तरतूद जुनीच आहे. दुरुस्ती व देखभाल निधीसाठी प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का, जमिनीची किंमत सोडून. दोन्ही मिळून एक टक्का झाला. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि तीसच्या पुढे गेली की दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे, असेही तिथे लिहिले आहे. नेदरलँड्समध्ये २०१८ पासून सदनिकाधारकांच्या संघांना कायद्याने सक्ती झाली की किमान दहा वर्षांचा दुरुस्ती आराखडा करा, नाहीतर इमारत पुन्हा बांधायच्या खर्चाचा अर्धा टक्का दरवर्षी बाजूला ठेवा. म्हणजे कागदावर आपला नियम त्यांच्याहून कडक आहे.

मग आपल्या सोसायट्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या का? एक कारण म्हणजे वर्गणी कुणी भरत नाही. त्याबद्दल काय बोलावे! पण दुसरे कारण हिशेबाचे आहे आणि ते व्यापारी माणसाच्या चटकन ध्यानात येईल. आपण टक्का काढतो तो इमारत बांधली त्या वेळच्या खर्चावर आणि डच लोक काढतात तो आज पुन्हा बांधायला लागेल त्या खर्चावर. समजा १९९२ मध्ये एका फ्लॅटचा बांधकाम खर्च दोन लाख होता. एक टक्का म्हणजे वर्षाला दोन हजार. बारा फ्लॅटचे चोवीस हजार झाले. आज त्यात परांची बांधूनही होणार नाही. तोच सातशे चौरस फुटांचा फ्लॅट आज बांधायला चौरस फुटाला दोन हजार रुपये धरले तर चौदा लाख लागतील. त्याचा एक टक्का चौदा हजार, म्हणजे महिन्याला बाराशेच्या आत. उपविधीतला आकडा किमान आहे. सर्वसाधारण सभेत ठराव करून मोठ्या दुरुस्तीसाठी जादा निधी उभारायला कुणी अडवलेले नाही.

स्वतःच्या मालकीच्या घराचाही असाच हिशेब करा. तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येकी सहाशे चौरस फूट, एकूण अठराशे. दोन हजारांच्या भावाने बांधणी छत्तीस लाखांची. एक टक्का छत्तीस हजार, महिन्याला तीन हजार, तीन मजल्यांत वाटले तर प्रत्येकी हजार. दिवसाला तेहतीस-चौतीस रुपये. आपल्या दुकानात दिवसभरात येणाऱ्या पाहुण्यांच्या चहाला याहून जास्त जातात.

हा पैसा दुकानाच्या गल्ल्यात ठेवू नका, तिथे तो टिकत नाही. भिशीतही घालू नका, कारण भिशीचा नंबर आपल्या गळतीची वाट पाहून लागत नाही आणि नंबर लागला की तो पैसा लग्नाला जातो. बँकेत दोन सह्यांचे वेगळे खाते काढा. ज्यांना व्याज नको त्यांनी चालू खाते घ्यावे. दुरुस्तीसाठी व्याजी कर्ज काढण्याची पाळी येऊ नये असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी तर आधीपासून साठवणे हाच रस्ता आहे.

बारा वर्षांचे खाते

जपानमध्ये सदनिकांच्या इमारतींसाठी तीस वर्षांचा दुरुस्ती आराखडा करण्याची पद्धत आहे आणि साधारण दर बारा वर्षांनी मोठी दुरुस्ती निघते. एकदा परांची बांधली की बाहेरचा गिलावा, रंग, पाइप, खिडक्यांच्या फटी, गच्ची हे सगळे एकाच वेळी उरकतात. यातली युक्ती परांचीत आहे. आपण या वर्षी रंगासाठी परांची बांधतो, दोन वर्षांनी पाइपासाठी पुन्हा बांधतो आणि नवा रंग खराब करून घेतो.

नाशिककरांना बारा वर्षांचा हिशेब शिकवावा लागत नाही. २००३ चा सिंहस्थ झाला, २०१५ चा झाला, २०२७ चा ठरलेला. शहराची मोठी डागडुजी त्या बेताने चालते. आपल्या घराच्याही मोठ्या दुरुस्तीचे वर्ष असेच ठरवून ठेवा, फक्त ते सिंहस्थाच्या आगेमागे धरू नका. त्या काळात सरकारी कामांनी मिस्त्री, सेंटरिंगवाले, वाळू, खडी सगळे ओढले जाते आणि भाव देऊनही माणूस मिळत नाही.

मधल्या वर्षांत काय करायचे ते कामाच्या आयुष्यावर अवलंबून आहे. अनुभवी कारागिरांचा ढोबळ अंदाज असा: बाहेरचा रंग पाच ते सात वर्षे, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आठ-दहा वर्षे, लोखंडी पाणीपाइप पंधरा-वीस वर्षे, वायरिंग वीस-पंचवीस वर्षे. घर कधी बांधले आणि यातले काय शेवटचे कधी बदलले हे लिहून काढले की पुढच्या बारा वर्षांचा खर्च कोणत्या साली येणार ते समोर दिसते. दोन खर्च एकाच साली येत असतील आणि त्याच साली मुलीचे लग्न असेल तर एक काम वर्षभर आधी घ्या. पुढे ढकलू नका. आणि कामाचा क्रम वरून खाली ठेवा. आधी पाणी थांबवा, मग सळई-काँक्रीट, मग गिलावा, रंग सर्वांत शेवटी. आपल्याकडे रमजानच्या आधी रंग निघतो आणि गच्ची तशीच राहते, हे उलटे आहे.

वारसांचे घर कुणाचे?

इतके सगळे सांगूनही आम्हाला ठाऊक आहे की आपल्या मोहल्ल्यातली निम्मी दुरुस्ती पैशांवाचून अडलेली नसते, ती नावांवाचून अडलेली असते. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन चाळीस वर्षे झाली. शरीअतप्रमाणे माणसाच्या मृत्यूबरोबरच वारसांचे हिस्से ठरतात, पण कागदावर ते कुणी चढवत नाही. तीन भाऊ घरात राहतात, दोन बहिणी मालेगाव आणि धुळ्याला दिल्या आहेत, एका बहिणीचीही मुले आता वारस झाली. राहणारा भाऊ म्हणतो, मी खर्च करू आणि हिस्सा सगळ्यांना देऊ? बाहेरचे म्हणतात, तो फुकट राहतो, त्यानेच करावे. आणि बहिणींना विचारायचे तर कुणाच्या मनातही येत नाही. त्यांचा हिस्सा मात्र पोपडे पडणाऱ्या छतात आहे, हे त्यांनाही माहीत असावे.

इथे दोन कामे करावीत. सिटी सर्व्हे कार्यालयात वारसनोंद करून मालमत्ता पत्रकावर सर्वांची नावे, बहिणींसह, चढवून घ्यावीत. वाटणी आजच करा असे आम्ही म्हणत नाही. पण नावे चढल्याशिवाय इमारतीला ना नकाशा मंजूर होतो, ना विकासकाशी करार. दुसरे, एक वही घालावी. ज्याने जे काम केले, तारीख, रक्कम, पावती, त्यात लिहावे, आणि वर्षातून एकदा सगळ्या वारसांच्या सह्या घ्याव्यात. पुढे घर विकले, वाटले किंवा नव्याने बांधले तर हा खर्च आधी वळता करून मग हिस्से पाडायचे, असे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे. राहणाऱ्या भावाला खर्च करायला हिंमत येते आणि बाहेरच्यांना हिशेब दिसतो.

कारागिरांसाठी धंदा

आता आमच्या मिस्त्री, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर बंधूंशी दोन शब्द. तुम्ही आजवर तुटल्यावर बोलावले जाता. उन्हाळ्यात चार ठिकाणांहून बोलावणी येतात आणि पावसाळ्यात हात रिकामे राहतात. लिफ्टवाल्या कंपन्या आणि पाण्याचे फिल्टर विकणारे वर्षाचा करार करून पैसे घेतात, मग घराचा करार का नको? एक मिस्त्री, एक प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन एकत्र या. मे महिन्यात एक फेरी आणि ऑक्टोबरमध्ये एक. मेमध्ये गच्ची, कठड्याची फट, पन्हळ, पावसाचे पाइप आणि झाकणे पाहायची, ऑक्टोबरमध्ये पावसाने काय केले ते. समजा एका घराकडून वर्षाचे पंधराशे घेतले आणि गल्लीतली साठ घरे धरली तर नव्वद हजार बांधील उत्पन्न झाले. पाहणीत निघालेले काम वेगळे, आणि ते तुमच्याकडेच येणार.

मात्र यासाठी दोन सवयी लावाव्या लागतील. प्रत्येक फेरीनंतर घरमालकाला एका कागदावर काय पाहिले ते लिहून द्यायचे. आणि जिथे काम नाही तिथे काम नाही असे सांगायचे. “यंदा तुमच्या गच्चीला काही नको,” असे म्हणणारा मिस्त्री पुढच्या वर्षी दहा घरे मिळवतो. तुळई, कॉलम, बीम यांना तडा दिसला तर स्वतः सिमेंट भरू नका, इंजिनिअरचे नाव सांगा. त्यात तुमचा कमीपणा नाही. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ज्यांची झाली नाही त्यांनी कामाचे दाखले गोळा करून ती करून घ्यावी. वर्षाचे करार असले की हे दाखले मिळणेही सोपे जाते.

घरमालकांनी या पावसाळ्याआधी करायचे काम थोडकेच आहे. शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर घर कोणत्या साली बांधले, कुणी बांधले, कधी काय वाढवले ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा. ती माहिती अनेक घरांत फक्त एका दादीला ठाऊक असते. मग गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीमागे, जिथे कुणी जात नाही, तिथून पाहायला सुरुवात करा.